नऊ पावलांची जागा

निवृत्त झाल्यावर आमच्या स्टाफरूममधल्या बायका चारधामला गेल्या, एक तर दुबईला जाऊन आली. मी गेले ती माहेरच्या शेतातल्या समाध्या मोजायला. परत आल्यावर कळंब्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? एकतीस दगड पाहिले, असं सांगितल्यावर त्यांचे चेहरे असे काही झाले, की हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं असं मी ठरवलं.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवं निजवून नाही, मांडी घालून बसवून, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. सुतक पाळत नाहीत. शहरात यासाठी समाजाची जागा असते. तिथं एक वही असते, त्यात नाव, वय, पत्ता, तारीख लिहून घेतात. माझ्या सासरच्यांची नावं त्या वहीत आहेत, एक दिवस माझंही येईल. पण गावाकडं ज्याची त्याची जागा ज्याच्या त्याच्या शेतात. बांधाकडेला एक तुकडा सोडून दिलेला असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या एका भावकीची माणसं तिथं ओळीनं बसलेली असतात. त्याची नोंद कुठंही नसते. कोण कुठं आहे हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं, आणि ते म्हातारे स्वतः ओळीत जाऊन बसले की ते पाठांतरही संपतं.

चाळीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला, फळ्यावर जगाचे नकाशे काढले. आमच्या शेताचा नकाशा काही कधी काढला नव्हता. तो काढायला निघाले ते निलव्वा आत्यामुळं.

निलव्वा माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बैलगाडीत बसवून माहेरी धाडून दिलं. तेव्हापासून ती आमच्याच घरी आहे. आमची शेती तिनं केली, आम्हा भावंडांची आजारपणं तिनं काढली, आणि आता माझ्या धाकट्या भावाच्या, चन्नूच्या, नातवाला सांभाळते. या दिवाळीनंतर तिनं चन्नूला सरळ विचारलं, मला कुठं ठेवणार? चन्नूनं भावकीत विषय काढला. भावकीत आज सगळ्यात मोठे शिवगोंडा काका. ते म्हणाले, आपल्या ओळीत सुना आहेत, लेकी नाहीत. दिलेली लेक तिच्या सासरच्या ओळीत जाते. तिच्या सासरी निरोप द्या.

चन्नूनं मला फोन केला. तो माझ्यापेक्षा शांत आहे. मी शांत नाही, म्हणून लगेच निघाले.

गुरुवार, गाव

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, हिरण्यकेशीच्या काठाला. नाव सांगत नाही, भावकीतले लोक वाचतात. कोल्हापूरहून निघालेली एसटी मध्येच कर्नाटकात शिरते, निपाणी, संकेश्वर करते आणि परत महाराष्ट्रात येते. उसाचा हंगाम, त्यामुळं रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर गाणी. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

पोचले तेव्हा आत्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, पाय पसरून पावटे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आलीस व्हय मास्तरीण? त्ये सूप घे आन्‌ बस." मी बसले, सोलायला लागले. अर्धं सूप सोलून झालं. मग म्हणाली, "ज्या घरानं मला जित्तेपणी दोन वरसं धड बसू दिलं न्हाई, तिथं मेल्यावर कायमचं जाऊन बसू व्हय? मी न्हाई जायाचो."

आमच्याकडच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. आत्याच्या तोंडी मला ते त्या दिवशी फार शोभून दिसलं.

कोल्हापूर म्हटलं की लोक तांबडा-पांढरा विचारतात. आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. वहिनीनं हुलग्याचा कट, जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची पोळी केली होती. ही पोळी गुळाची, खमंग, आणि एक खाल्ल्यावर खरं तर थांबावं अशी असते. मी तीन खाल्ल्या आणि तसंच जड पोट घेऊन शिवगोंडा काकांकडं गेले. भांडायला जाताना इतकं जेवू नये.

काका शहात्तर वर्षांचे, कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. लग्नात पाहुण्यांना शेवटच्या पंगतीपर्यंत स्वतः वाढणारा हा माणूस. दोन वर्षांमागं आत्याला न्यूमोनिया झाला तेव्हा भर पावसात जीप काढून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. म्हणूनच मला त्यांचं हे म्हणणं कळत नव्हतं. मी सगळं बोलून घेतलं, जरा जोरातच. त्यांनी ऐकून घेतलं. आत चहा सांगितला, दूध जास्त घालायला सांगितलं. मग म्हणाले, "निलाक्का माजी मोटी भन हाय, सुमी. पर वाडवडलांची ओळ हाय ती. तिच्यात एक लेक दाखीव. एक दाखवलीस तर मी सोता खड्डा मारायला हुबा ऱ्हातो."

मी म्हटलं, दाखवते. उठताना माझ्या लक्षात आलं की एकतीसपैकी शेवटच्या सहा दगडांपलीकडं मला कुणाचंही नाव माहीत नाही.

शुक्रवार, मळा

सकाळी चन्नूनं मला मोटरसायकलवर मागं बसवून मळ्यात नेलं. आत्या आमच्या आधी चालत पोचली होती. समाध्यांचा तुकडा विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बांध. पूर्वेच्या टोकाला नुसते ओबडधोबड दगड. पुढं घडीव दगड लागतात, त्यांवर पिंड आणि समोर नंदी कोरलेला. नावं कुठंच नाहीत. शेवटचे सहा मात्र सिमेंटचे, रंगीत फरशीचे, ग्रॅनाइटवर फोटो आणि जन्म-मृत्यू घातलेले. माझे आई-वडील तिथं आहेत. ओळ आता जवळजवळ बांधाला टेकली आहे.

मी चौकटीची वही काढली, पावलांनी अंतरं मोजली, उत्तर दिशा दाखवली आणि एक ते एकतीस आकडे टाकले. आत्या माझ्यामागून चालत नावं सांगत होती. हा आज्जा, ही आज्जी, हा पटकीत गेलेला, ही काशव्वा, जिच्या हातच्या पोळ्या सगळ्या गावाला ठाऊक होत्या. पहिल्या आठ दगडांना ती नुसती हात जोडत होती, ते कुणालाच माहीत नाहीत. चौदाव्याशी आल्यावर म्हणाली, हा बसगोंडा काका, शिवाचा धाकटा चुलता. चन्नूनंही तेच सांगितलं. मी लिहिलं. नावं कळलेल्या तेवीस जणांत सुना आठ निघाल्या, लेक एकही नाही.

शाळेत असताना मी पोरांना सांगायची, नकाशा काढताना पायाखाली बघा. चौदा नंबरवरून मागं सरकताना मी पाटात पडले, वहीसकट. गुडघ्याला खरचटलं, शाई सगळीकडं पसरली, आणि आत्या इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिनंच पदरानं वही पुसली. सगळी नावं परत लिहावी लागली. दुसऱ्यांदा तिनं सांगितली तेव्हा एकाही नावात फरक पडला नाही, यावरून तिची स्मरणशक्ती काय आहे ते कळेल.

"शिवानं काय सांगिटलं?" तिनं परतताना विचारलं. एक दाखव म्हणाले, असं मी सांगितलं. तिनं पदराला लागलेली शाई चोळून पाहिली. मग म्हणाली, "असती तर मला ठावं असती की."

शनिवार, हद्दीपलीकडं

वहीत नसलेलं माहीत असणारा आणखी एक माणूस आमच्याकडं असतो, तो म्हणजे हेळवी. शहरातल्या वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. प्रत्येक भावकीचा हेळवी ठरलेला असतो. दोन-तीन वर्षांतून एकदा, सुगी झाल्यावर, तो बैलावर बसून यायचा, घरोघर वंशावळ वाचून दाखवायचा, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. आमचा हेळवी संकेश्वरच्या पलीकडं राहतो. आता तोही मोटरसायकलवर फिरतो.

संकेश्वरच्या शिवारात मिरचीला लाली यायला लागली होती. गाडीवर मागं बसून मला ती डोळे भरून पाहता आली, आणि धुळीनंही डोळे भरले. हेळवी अंगणात गाडी धूत होता. पन्नाशीचा, कपाळाला भस्म, खिशात दोन मोबाइल. "या पावणं," म्हणाला. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं. पाणी दिलं, पोहे दिले. वंशावळ वाचायला मात्र साफ नकार दिला. आपल्या घराचा वंश दुसऱ्याच्या अंगणात ऐकायचा नसतो, म्हणाला. तुमच्या उंबऱ्याच्या आत, भावकी बसवून वाचीन. मी मास्तरकी करून पाहिली, चन्नूनं गोडीनं सांगून पाहिलं. तो हसत नाही म्हणत राहिला. शेवटी, उद्या येतो, एवढं कबूल केलं.

येताना चन्नू म्हणाला, तायी, शिवगोंडा काकांनाही बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवायचंच आहे.

रविवार, सोपा

भावकीतली वीसेक माणसं जमली. हेळव्यानं घोंगडीवर लांबट चोपडी ठेवली, तिला भस्म लावलं, सुपातले जोंधळे पुढं घेतले आणि वाचायला सुरुवात केली. वाचायला म्हणजे जवळजवळ गायला. मूळ पुरुष कुठून आला, नदीच्या या काठाला कुणी पहिला नांगर धरला, त्याला किती मुलगे, त्यांना किती. मी वही उघडून बसले होते. तो एकेक नाव घेई आणि मी त्यासमोर दगडाचा आकडा टाकी. पहिल्या आठ दगडांपैकी पाचांना नावं मिळाली. आत्या खांबाला टेकून ऐकत होती, तिनं त्या पाचही नावांना हात जोडले. मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं ती दगडांनाच हात जोडत आली होती.

लेकींबद्दल विचारलं. हेळव्यानं पान उलटून दाखवलं. लेकीचं नाव नाही, नुसतं गावाचं नाव. लेक अमक्या गावी दिली, तमक्या गावी दिली. निलव्वाच्या जागी तिच्या सासरच्या गावाचं नाव होतं. परत आली हे कुठंच नव्हतं. आत्यानं ते वाचून घेतलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

मग शिवगोंडा काकांचं घर आलं. त्यांचे आजोबा, वडील, आणि वडिलांचा धाकटा भाऊ बसगोंडा. हेळव्यानं त्याच लयीत वाचलं, "बसगोंडा श्रीशैलला गेला, मल्लय्याच्या पायाशी राहिला, माघारी आला न्हाई."

मी आकडा टाकायला पेन टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. बसगोंडा श्रीशैलला गेला आणि परतच आला नाही, तर चौदा नंबरच्या दगडाखाली कोण?

मी हे मोठ्यानं विचारलं. एक जण म्हणाला, परगावी गेला म्हणून नुसताच दगड मांडला असेल, तशी पद्धत आहे. ते खरंही होतं. पण काका उठले, म्हैस सोडायची आहे म्हणाले, आणि चप्पल न घालता निघून गेले. त्यांच्या म्हशीला सोडायला घरात दोन गडी आहेत.

दुपारी आत्याला विचारलं, आपल्याकडचे खड्डे कोण मारतं? ती म्हणाली, यल्लाप्पा, आणि त्याआधी त्याचा बाप. त्या बापाला ठाऊक असणार, पण तो मरून वीस वर्षं झाली.

यल्लाप्पा गावाच्या कडेला राहतो. सत्तरी ओलांडलेली, हात अजून फावड्यासारखे. मी चौदा नंबर म्हटलं, त्याचा काही उपयोग झाला नाही, त्याला आकड्यांशी देणंघेणं नाही. तो आत गेला आणि चुलीच्या वरच्या आढ्यातून एक काळी झालेली जुडी काढून घेऊन आला. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्या होत्या, वीतभर लांबीच्या, थोड्या कमीजास्त.

तेव्हा मला कळलं ते असं. आमच्या समाधीचा खड्डा फुटपट्टीनं मोजत नाहीत. जो गेला त्याच्याच पावलानं मोजतात, त्याची नऊ पावलं. त्यासाठी त्याच्या पावलाएवढी कामटी तोडून घेतात आणि काम झालं की टाकून देतात. यल्लाप्पाच्या आजानं ती टाकायची नाही असं ठरवलं. का ते यल्लाप्पाला माहीत नव्हतं. प्रत्येक भावकीची जुडी वेगळी, कीड लागू नये म्हणून धुरात ठेवलेली, जो आधी गेला त्याची कामटी आधी ओवलेली. गावातल्या कुठल्याच दप्तरात नसलेली नोंद या माणसाच्या आढ्यात होती. मी त्याला तसं म्हटलं, तर तो लाजला.

आमच्या जुडीत तेवीस कामट्या होत्या. मी शेवटापासून मागं मोजत आले. माझी आई, माझे वडील. आईची कामटी मी जरा वेळ हातात धरून ठेवली. तिच्या टाचेला भेगा असायच्या. मग अठरावी कामटी आली, म्हणजे चौदावा दगड. नुसत्या दगडाला माप लागत नाही, म्हणजे तिथं माणूस होतं. कामटी सगळ्या मोठ्या माणसांच्या कामट्यांपेक्षा आखूड होती, आणि तिला दोऱ्यानं हिरव्या बांगडीचा तुकडा बांधलेला होता.

"बा म्हनायचा, ही शिवगोंडाच्या घरची," यल्लाप्पा म्हणाला. "नाव इच्यारायचं न्हाई."

मी ती कामटी मागून घेतली. त्यानं ती जुडीतून काढताना दोनदा सांगितलं, परत आणून दे.

सोमवार, पुन्हा मळा

सकाळी मी एकटीच काकांकडं गेले. भांडायला जायचं म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती. सून असती तर नाव लपवावं लागलं नसतं, म्हणजे ही लेकच, आणि तीही अडवणाऱ्याच्याच घरची. काका गोठ्यात होते. मी कामटी पुढं केली. त्यांनी हातात घेतली, बांगडीचा तुकडा अंगठ्यानं पुसला, आणि तिथंच वैरणीच्या पेंडीवर बसले. माझी सगळी वाक्यं तिथंच संपली.

बोलले ते हळूहळू. गौरव्वा, त्यांची थोरली बहीण. निलव्वाच्याच वयाची. दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली, दोघी दोन गावांना गेल्या. पुढच्या वर्षीची पंचमी आली. पंचमीला लेकी माहेरी येतात, बांगड्या भरतात, झोके घेतात. निलव्वाला सासरच्यांनी पाठवलं नाही. गौरव्वा आली. आली ती तापानं फणफणतच, आणि तिसऱ्या दिवशी गेली. नदीला पूर आलेला. तिचं सासर पलीकडच्या काठाला, निरोप जाणार कसा आणि माणूस येणार कसा. घरची माणसं, विधी करणारे जंगम अय्या आणि यल्लाप्पाचा बाप, एवढ्यांनी मिळून तिला ओळीत बसवलं. बाकीची भावकी पाण्यामुळं वस्तीवर अडकली होती. चार दिवसांनी पूर ओसरला, सासरचे आले. आमचं माणूस तुमच्या मातीत कसं ठेवलं, म्हणून पेटले. काकांच्या वडिलांनी सांगून टाकलं, आमच्या मातीत नाही, मठाच्या जागेत ठेवलंय. मग भावकीलाही तेच सांगावं लागलं. तिच्या जागेवर दगड मांडायचा तर नाव हवं, म्हणून श्रीशैलला गेलेल्या भावाचं नाव दिलं. हे कुणाला सांगायचं नाही, असा शब्द अय्यांच्या समोर आईनं काकांकडून घेतला. काका तेव्हा दहा वर्षांचे होते.

"ल्येकी ओळीत न्हाईत म्हनलं की बोलनं थितंच मिटतंय," काका म्हणाले. "म्हनून म्हनत आलो. निलाक्काला न्हाई म्हनलो तवा गौरीलाच परत एकदा बाहीर काडल्यागत वाटलं बघ मला."

मी रागावायला गेले होते आणि आता मलाच त्यांचा हात धरावासा वाटत होता. धरलाही. मी म्हटलं, काका, ज्यांना दिलेला शब्द होता ती सगळी आता त्या ओळीतच आहेत. ते म्हणाले, व्हय. मग उठले आणि म्हणाले, निलाक्काला मळ्यात घेऊन ये, यल्लाप्पालापण बोलीव.

आत्याला काही सांगितलं नव्हतं. ती आपली नेहमीच्या चालीनं आली, वाटेत उसाचं पाणी कुठं फुटलंय ते चन्नूला दाखवत. काका चौदाव्या दगडापाशी उभे होते. त्यांनी तिला हातानं जवळ बोलावलं.

"निलाक्का, ही गौरी."

आत्यानं दगडाकडं पाहिलं, मग काकांकडं. काकांनी सगळं परत सांगितलं, या वेळी थोडक्यात. पंचमीचं नाव निघालं तशी आत्या खाली बसली, दगडाच्या अगदी शेजारी, मातीत. तिनं नंदीवर साठलेला पाचोळा हातानं बाजूला केला.

"पासष्ट वरसं हिच्या शेजारनं पानी पाजलो मी," ती म्हणाली. "एक हाक मारली न्हाई."

विहिरीवरची मोटर चालू होती, चन्नूनं जाऊन ती बंद केली. मी रडले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझ्या मनात येत होतं, की लेकींना सासरचं गाव लावून मोकळं होणाऱ्या त्या चोपडीतसुद्धा गौरव्वा नाही आणि दगडावरही नाही. तिची आठवण राहिली ती एका म्हाताऱ्याच्या चुलीवर, धुरात.

मग काकांनीच पुढचं ठरवलं. ओळ बांधाला टेकली आहे, आता मागं दुसरी ओळ धरायची वेळ आलीच आहे. ती पूर्वेच्या टोकापासून न धरता गौरव्वाच्या पाठीमागून धरायची. तिथं पहिली जागा निलाक्काची. भावकीत कुणी काही म्हटलं तर माझ्याकडं पाठवा, म्हणाले. मग मला म्हणाले, वही काढ. पाटात भिजलेली ती वही मी उघडली, चौदासमोरचं नाव खोडलं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणं लिहिलं. गौरव्वा, या घरची लेक. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

यल्लाप्पा मागची जागा डोळ्यांनीच मापत होता. काकांनी त्याच्याकडं एक कोरी कामटी मागितली. तो बिचकला. जित्या माणसाचं माप घेत नाहीत आप्पा, म्हणाला. काकाही थांबले. आत्या तशीच बसलेली होती. तिनं दगडाला धरून एक पाय पुढं सरकवला, चिखलानं भरलेला, अंगठा वाकडा झालेला.

"यल्लाप्पा, तू माज्या आदी गेलास म्हंजे रं?" ती म्हणाली. "घ्या माप."

यल्लाप्पाला धीर होईना. तेव्हा काकाच गुडघ्यावर बसले. बसताना त्यांना त्रास झाला, चन्नू धरायला पुढं आला तर त्यांनी त्याला हातानं मागं सारलं. स्वतःच्या पंच्यानं त्यांनी तिच्या टाचेचा चिखल पुसला, कामटी टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावली, आणि खूण धरून मोडली. गुदगुल्या होत्यात, लौकर कर, असं आत्या म्हणाली, पण पाय तिनं हलवला नाही.

काकांनी गौरव्वाची कामटी खिशातून काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. आत्याची दोन बोटं लांब निघाली. लग्नात दोघींनी एकाच मापाच्या वहाणा घातल्या होत्या, हे आत्यानंच सांगितलं. तिनं त्या दोन्ही कामट्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं.

"तिचं पाऊल वाडायचं ऱ्हायलंच की रं, शिवा," ती म्हणाली.

बांगडीच्या तुकड्याचा दोरा काकांनी सोडला, त्याच दोऱ्यानं तुकड्यासकट दोन्ही कामट्या एकत्र बांधल्या आणि यल्लाप्पाच्या हातात दिल्या.